सर, आंबेगाव कुठंय?

दोस्तांनो, आमच्या चौथीच्या वर्गात पुणे जिल्ह्याचा एक कापडी नकाशा आहे. किती जुना? मी या शाळेत आलो त्याच्या आधीचा, आणि माझ्या आधीच्या गुरुजींच्याही आधीचा. वरची लाकडी पट्टी वाळवीनं खाल्लेली, भोरच्या बाजूला शाईचा मोठा डाग. पण अजून भिंतीवर आहे, आणि तालुके शिकवायला तोच बरा पडतो.

परवा असाच छडी घेऊन तालुके विचारत होतो. जुन्नर तालुक्याचं मुख्य गाव? जुन्नर! खेडचं? राजगुरुनगर! आपल्या आंबेगावचं? पोरांनी छप्पर उडवलं, "घोडेगाव!" एवढ्यात शेवटच्या रांगेतली एक मुलगी उठली. ती फारशी बोलत नाही. म्हणाली, "सर, मग आंबेगाव कुठंय?"

कापडी नकाशावर मी बोट ठेवलं. घोड नदीच्या काठाला एक बारीक ठिपका, त्याच्या शेजारी नाव. लगेच एक चुणचुणीत पोरगं पुढं आलं, "सर, मोबाईलात बघा की!" मोबाईल काढला. त्या जागी सगळं निळं निळं. ठिपका नाही.

"माझा आजा त्या गावचा," ती मुलगी म्हणाली. "तो म्हणतो, आमचं गाव पाण्याखाली हाय."

आजोबांचं खरं आहे. घोड नदीवर डिंभ्याला धरण बांधलं गेलं आणि गेल्या शतकाच्या अखेरीस त्या पाण्यात जुनं आंबेगाव गेलं. जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर म्हणतात. विदेशी मालाच्या ट्रकपुढे १९३० साली ज्यांनी प्राण दिला ते बाबू गेनू आपल्याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. तर गाव गेलं आणि नाव तेवढं तालुक्याकडे राहिलं. कापडी नकाशात गाव आहे, धरण नाही. मोबाईलात धरण आहे, गाव नाही. आणि गंमत ऐका, मोबाईलमध्ये नुसतं 'आंबेगाव' असं टाकलं, तर तो तुम्हाला पुण्यात कात्रजजवळच्या आंबेगाव बुद्रुकलाही नेऊन सोडेल. आमच्या नात्यातल्या एका लग्नाला येणारे पाहुणे असेच तिकडे पोचले होते. इकडे अक्षता पडल्या आणि तिकडून फोन, "मंडप कुठं दिसेना!" पिंपळगावांचं तर विचारूच नका. जुन्नरात पिंपळगाव जोगा, आपल्याकडे पिंपळगाव खडकी, शेजारच्या अकोले तालुक्यात पिंपळगाव खांड. यातल्या शेवटच्या पिंपळगावाकडे मी पुन्हा येणार आहे, लक्षात ठेवा.

त्या मुलीनं विचारलं आणि मला माझीच एक फजिती आठवली. फजिती म्हणतो खरा, पण त्या दिवशी हसू आलं नव्हतं.

सप्टेंबर संपत आला होता. माझ्या वर्गातला एक मुलगा दहा-बारा दिवस शाळेत आला नव्हता. घर धरणाच्या पलीकडच्या अंगाला, एका वाडीत. हजेरीपटावर रोज त्याच्या नावापुढे गैरहजर लिहून कंटाळलो, म्हटलं जाऊनच यावं. शाळा सुटल्यावर मोटारसायकल काढली. मागे आमचे नवे सहकारी बसले. ते नुकतेच बदलून आलेले, सपाटीवरचे, डोंगराची सवय नाही, पण मोबाईलवर हात बसलेला. म्हणाले, "सर, विचारत कशाला बसायचं? हा दाखवतोय की. मोठ्या रस्त्यानं लांब पडतं, दुचाकीला आतला रस्ता आहे. निम्मं अंतर!"

निम्मं अंतर म्हटल्यावर मोह कोणाला होत नाही? निघालो. शिनोली गेली, डिंभे गेलं. बारीक पाऊस, त्यात अंधारून आलेलं. मोबाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सहकाऱ्यांच्या हातात. पिशवीला आतून वाफ धरलेली, त्यामुळे पडद्यावर नकाशा कुठला, नुसती एक रेघ दिसत होती. मुख्य रस्ता सोडून डावीकडे वळलो. डांबर होतं, पण जागोजागी उखडलेलं, मधून गवत उगवलेलं. उतार लागला. मी विचारलं, "नक्की ना?" मागून उत्तर आलं, "सरळ, सर. अजून अडीच किलोमीटर सरळच सांगतोय."

तेवढ्यात बांधावरून कोणीतरी ओरडलं. गवताचा भारा डोक्यावर घेतलेल्या एक आजी. "ओ मास्तर! कुठं निघालात? फुडं पानी हाय!"

मी ब्रेक दाबला. ओल्या गवतावर मागचं चाक सरकलं आणि गाडी आडवी झाली. लागलं काही नाही. उठून पाहिलं, तर डांबराचा रस्ता जसाच्या तसा खाली उतरत होता आणि पंचवीस पावलांवर गुपचूप पाण्यात शिरत होता. ना भिंत, ना पाटी, ना दोरी. अंधारात पाणी आणि डांबर यांचा रंग एकच दिसतो, हे मला तेव्हा कळलं. पिशवीतला मोबाईल मात्र शांतपणे सांगत होता, "सरळ चालत राहा."

आजी जवळ आल्या. मी म्हटलं, "आजी, मोबाईलवर तर रस्ता दाखवतोय." त्या जे बोलल्या ते मी वर्गात फळ्यावर लिहून ठेवलं आहे. त्या म्हणाल्या, "त्यो रस्ता चैतात असतो. आत्ता नसतो."

बघा बरं, किती सरळ बोलल्या. उन्हाळ्यात धरणाचं पाणी खाली जातं, जुना रस्ता उघडा पडतो, मग त्यावरून पायी माणसं जातात, दुचाकीही जातात. माझा अंदाज असा, की उन्हाळ्यात तिथून गेलेल्या गाड्या पाहूनच मोबाईलनं 'इथं रस्ता आहे' असं मनाशी धरलं असावं. पाऊस झाला की धरण भरतं आणि रस्ता पाण्यात जातो. आजींच्या डोक्यात बारा महिन्यांचे नकाशे होते. मोबाईलकडे एकच होता.

आम्ही वळसा घालून रात्री आठला त्या वाडीत पोचलो. पोराच्या पायात बाभळीचा काटा मोडला होता, पाय सुजला होता. मास्तर एवढ्या रात्री आलेले पाहून ते पायाचं दुखणं विसरलं आणि अभ्यास झालाय की नाही या काळजीत पडलं! दुसऱ्या दिवशी त्याला दवाखान्यात नेलं. आठवड्यात पोरगं वर्गात.

माझ्या नशिबानं त्या आजी बांधावर होत्या. सगळ्यांचं तसं नशीब नसतं. मघाशी पिंपळगाव खांड म्हटलं ना? मुळा नदीवर तिथं धरण आहे. तालुका अकोले, म्हणजे आपल्या जुन्नरला लागूनच. जिल्हा तेव्हा अहमदनगर, २०२४ पासून अहिल्यानगर. जानेवारी २०२१ मध्ये पुण्याकडचे तिघं जण मोटारीनं कळसूबाईला निघाले होते. रात्रीची वेळ. मोबाईलनं कोतुळकडून अकोल्याला जाणारा जवळचा रस्ता दाखवला. त्या रस्त्यावरचा पूल वर्षातले काही महिने उघडा असतो आणि काही महिने धरणाच्या पाण्याखाली. तिथल्या माणसांना ते ठाऊक, म्हणून ती दुसऱ्या रस्त्यानं जातात. पाहुण्यांना कोण सांगणार? गाडी सरळ पाण्यात गेली. दोघं कसेबसे बाहेर आले. गाडी चालवणारा बुडाला.

आता तुम्ही विचाराल, म्हणजे उपग्रह चुकतो का, सर? हे आमच्या वर्गानंही विचारलं. मग आम्ही पटांगणात एक खेळ खेळलो, तुम्हीही खेळून बघा. एक मुलगा ध्वजस्तंभाजवळ उभा केला, एक हौदाजवळ, एक फाटकात. तिघांच्या हातात सुतळी. ध्वजस्तंभाची सुतळी बारा पावलांची, हौदाची नऊ, फाटकाची पंधरा. तिन्ही सुतळ्या ताणून त्यांची टोकं जिथं जुळतील अशी पटांगणात एकच जागा सापडते. तिथं एकाला उभं केलं. तो डोळे मिटून असला तरी तीन लांब्यांवरून त्याची जागा सांगता येते.

जीपीएस म्हणतात ते हेच. जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून उपग्रह फिरत असतात आणि सारखे सांगत असतात, 'मी अमुक जागी आहे आणि आत्ता अमुक वाजले.' हा संदेश सेकंदाला तीन लाख किलोमीटर वेगानं येतो, म्हणजे सेकंदाच्या पंधराव्या भागात आपल्यापर्यंत. तो यायला किती वेळ लागला हे मोबाईल मोजतो आणि सुतळीची लांबी काढतो. पण हे काम फार नाजूक. घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागानं चुकलं, तरी जागा तीनशे मीटरनं हुकते! म्हणून मोबाईलच्या साध्या घड्याळाची चूक काढायला चौथा उपग्रह लागतो. अमेरिकेनं हे सगळं आपल्या सैन्यासाठी उभारलं, १९९५ साली ते पुरतं तयार झालं. २००० सालच्या मे महिन्यापर्यंत सामान्य माणसाला मुद्दाम ढोबळ जागा मिळत असे, नंतर ती अट काढली. आपल्या देशानंही 'नाविक' या नावानं स्वतःचे उपग्रह २०१३ पासून सोडले.

(खोडदला सहलीला गेलो होतो तेव्हा एकानं विचारलं, "सर, या एवढाल्या तबकड्या मोबाईलला रस्ता सांगतात काय?" नाही हो. जुन्नर तालुक्यातल्या त्या पंचेचाळीस मीटर रुंदीच्या तीस तबकड्या आकाशातल्या दूरच्या ताऱ्यांकडून, दीर्घिकांकडून येणाऱ्या रेडिओ लहरी ऐकतात. त्यांना घोडेगावचा रस्ता विचाराल तर त्या बिचाऱ्या काय सांगणार!)

तर त्या संध्याकाळी उपग्रहानं त्याचं काम चोख केलं होतं. मी कुठं उभा आहे ते त्यानं बरोबर सांगितलं. माझ्यापुढे रस्ता आहे, हे सांगितलं नकाशानं. आणि नकाशा कोणीतरी, केव्हातरी, कुठंतरी बसून काढलेला असतो.

आपल्या डोंगरात उपग्रहाचंही कधी कधी जरा अवघड होतं म्हणा. नाणेघाटाच्या तोंडाशी उभं राहून हाक मारली की कड्यावर आपटून ती परत येते, ऐकलंय ना? उपग्रहाचा संदेशही कड्यावर आपटून येतो. वाट लांबली की वेळ जास्त लागतो, मग सुतळी लांब मोजली जाते आणि जागा सरकते. घाटात वळणाचे रस्ते एकावर एक. तुम्ही खालच्या रस्त्यावर आणि मोबाईल समजतो वरच्या. शिवाय आमच्याकडे रेंज कुठं असते? उपग्रहाला रेंज लागत नाही, पण नकाशाचं चित्र इंटरनेटवरून येतं. ते आधी उतरवून ठेवलं नसेल तर कोऱ्या पडद्यावर नुसता एक निळा ठिपका. मोठा डौलात चालत असतो तो!

नाणेघाटाचं नाव निघालंच आहे तर सांगतो. दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळात, कोकणातून माल घेऊन बैल आणि माणसं याच वाटेनं जुन्नरला चढत. अजून ती दगडी वाट आहे, पण पायी उतरायची. खाली वैशाखरे गाव दिसतं, अगदी हाताशी असल्यासारखं. मोटारसायकलवाल्याला मात्र माळशेज घाटानंच फिरून जावं लागतं. डोळ्याला जवळ आणि चाकाला जवळ यात फरक असतो, आणि हा फरक प्रत्येक गावाला वेगळा.

मोटारीत निदान शेजारी एक माणूस बसलेलं असतं. दुचाकीवर काय? २०१७ च्या डिसेंबरात आपल्या देशात दुचाकीसाठी निराळा रस्ता सांगणारा नकाशा मोबाईलवर आला. शहरातल्या गल्ल्यांत तो उपयोगी पडतो, मी स्वतः पुण्यात वापरला आहे. पण दुचाकी अरुंद वाटेनंही जाते एवढं ठाऊक असलेला तो नकाशा आमच्या डोंगरात बैलगाडीच्या वाटेलाही रस्ता समजू शकतो. पावसात ओल्या बोटानं पडदा हलत नाही, उन्हात काही दिसत नाही, आणि दिसण्यासाठी मान खाली घातली की समोरचा खड्डा दिसत नाही. कायद्यानं रस्ता पाहण्यापुरता मोबाईल वापरायला परवानगी आहे, पण चालवणाऱ्याचं लक्ष विचलित होता कामा नये. गाडीच्या दांड्यावर मोबाईल बसवणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. एका मोठ्या मोबाईल कंपनीनंच २०२१ मध्ये बजावलं होतं, की मोटारसायकलच्या इंजिनाच्या थरथरीनं कॅमेरा बिघडू शकतो. पालकांनो, तुमचं नववी-दहावीतलं पोर क्लासला जायला गाडी मागत असेल, तर ते मोबाईल कुठं ठेवतं हा प्रश्न पुढचा. आधी त्याचं वय विचारा.

जुने नकाशे वाईट असं मी मुळीच म्हणणार नाही. १७६७ साली सुरू झालेला आपला सर्वेक्षण विभाग आहे, मुख्य कचेरी डेहराडूनला. त्याच्या कागदी नकाशावर कडेला छापलेलं असतं, की ही पाहणी अमुक साली केली. मला ती ओळ फार आवडते. नकाशा प्रामाणिकपणे स्वतःचं वय सांगतो. पुढचं आपण समजून घ्यायचं. आमच्या कापडी नकाशावर पुणे-नाशिक रस्ता 'राष्ट्रीय महामार्ग ५०' आहे. २०१० मध्ये देशभरातल्या महामार्गांचे क्रमांक बदलले, आता तो ६०. माळशेजचा २२२ होता, त्याचा ६१ झाला. नारायणगावला, मंचरला बाह्यवळण झालं, ते त्या कापडावर कुठून येणार? पण मोबाईलच्या पडद्यावर दिसणारी रेघ कोणी काढली, केव्हा काढली, कोणत्या महिन्यात काढली, हे त्या रेघेशेजारी लिहिलेलं नसतं. ती कायम आजची वाटते.

माळीण तर तुम्हाला ठाऊकच आहे. काहींच्या घरातलीच गोष्ट आहे ती. ३० जुलै २०१४, सकाळची वेळ, धो धो पाऊस. डोंगर खाली आला आणि चाळीसहून अधिक घरं गाडली गेली, दीडशेच्या वर माणसं गेली. त्या सकाळी जगातल्या प्रत्येक नकाशात माळीण होतं. ते गाव जागेवर नाही, हे बाहेरच्या जगाला सांगितलं एसटीच्या एका चालकानं. रोजच्या वाटेनं बस घेऊन आला, बघतो तर नेहमीची घरं दिसेनात, समोर नुसता चिखल. त्यानं खबर दिली आणि मग मदतीच्या गाड्या निघाल्या. पुढे आमडे गावाजवळ नवं माळीण वसवलं, २०१७ साली लोक तिथं राहायला गेले. नाव तेच, जागा दुसरी.

हे सगळं वर्गात बोलून झालं, तशी पोरं म्हणाली, "सर, आपण आपला नकाशा काढू." चार ड्रॉइंगचे कागद चिकटवले. उत्तर दिशा कुठं धरायची यावर पाव तास भांडण झालं. मग रोज थोडं थोडं काढलं. ज्याची वाडी त्यानं काढायची, आणि घरी विचारून यायचं. पोरांनी काय काय विचारून आणलं! कोणत्या ओढ्याला पाणी आलं की गाडी पलीकडे जात नाही, कोणत्या वळणावर पावसाळ्यात दरड येते, कोणत्या घरात रात्री-अपरात्री जीप मिळते, झाडाखाली कुठं उभं राहिलं की फोन लागतो. वाड्यांची नावं अशी, जी मोबाईलात शोधून सापडली नाहीत. बारमाही रस्ते स्केचपेननं काळे केले. आजींचा तो चैतातला रस्ता कसा काढायचा, यावर खूप चर्चा झाली. शेवटी पेन्सिलनं काढला. होळीनंतर गडद करायचा आणि पोळा झाला की खोडरबरनं पुसायचा. ते काम पाय बरा झालेल्या त्या पोरानं मागून घेतलं. खाली कोपऱ्यात तारीख घातली.

राहता राहिलं आंबेगाव. "जे गाव नाही ते दाखवायचं कशाला?" असं एक गट म्हणाला. "मग तालुक्याचं नाव कशावरून पडलं ते कसं कळणार?" दुसरा गट. ती शेवटच्या रांगेतली मुलगी कोणाशी भांडली नाही. तिनं कापडी नकाशावरचा ठिपका नीट पाहिला आणि आमच्या निळ्या पाण्यात मधोमध एक बारीक लाल ठिपका देऊन टाकला.

२६ जानेवारीला गावातली मंडळी झेंडावंदनाला आली, तेव्हा तिचे आजोबा नकाशासमोर बराच वेळ उभे होते. चष्मा कपाळावर, नाक कागदाला लावलेलं. मग त्यांनी नातीला हाक मारली.

"इथं नाय गं. जरा वर. नदी अशी वळती, आन् आपलं घर त्या वळणाच्या वरच्या अंगाला."

तिनं कंपासपेटीतून खोडरबर आणलं आणि ठिपका दोन बोटं वर सरकवला.